अंगणातलं करडं पडलेलं सागवानी बाकडं पुन्हा नीट कसं कराल?

आमच्या निमगाव केतकीच्या घरासमोर एक जुनं सागवानी बाकडं आहे. आषाढात तुकोबांची पालखी गावात मुक्कामाला येते तेव्हा दमलेले वारकरी त्यावर टेकतात. मागच्या वर्षी त्याचा एक पाय डुगडुगायला लागला, वरून लाकूड पार करडं झालेलं, आणि घरात ठरलं की हे मोडीत काढून प्लास्टिकचं आणायचं. पण लाकूड करडं झालं म्हणजे कुजलं असं नाही मित्रांनो, इथेच बहुतेकांची गल्लत होते.

लाकडातले तंतू लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकांना चिकटलेले असतात. उन्हातले अतिनील किरण हे लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर मोकळे करडे तंतू उरतात. हा थर मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. त्याखाली लाकूड जसंच्या तसं असतं. खात्री करायची असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक अडलं तर लाकूड चांगलं, भसकन आत गेलं तर तो भाग कुजलाय. पाय जिथे जमिनीला टेकतात ती जागा आणि सांधे आधी तपासा, कारण पाणी तिथे मुरतं. आमच्या बाकड्याचा फक्त सांधा ढिला होता. सुताराने तो उकलून, खरवडून, वॉटरप्रूफ फेव्हिकॉल लावून पुन्हा बसवला. (उकलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, कुठली पट्टी कुठे होती ते नंतर आठवत नाही.)

आता सफाई. साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश घ्या, रेषांच्या दिशेने घासा. गाडी धुवायचा प्रेशर पंप मारू नका, मऊ भाग उडतो आणि लाकडावर नाल्या पडतात. खिळ्यांभोवती काळे डाग असतील तर ते लोखंड आणि सागातलं टॅनिन यांचे आहेत, नुसते घासून जात नाहीत. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ३० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवून लावा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. हे विषारी आहे. हातमोजे, चष्मा आणि प्लास्टिकची बादली हवीच, लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवा. गंजलेले खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले की डाग परत येत नाहीत.

मग चार-पाच दिवस सावलीत वाळू द्या. इथे एक अ‍ॅपची गोष्ट सांगायलाच हवी. फोनने लाकडातली ओल मोजून देतो म्हणणाऱ्या अ‍ॅपवर विश्वास ठेवू नका. ओल मोजायचं साधं यंत्र लाकडात दोन पिना टोचून त्यांच्यातला विद्युतरोध मोजतं, आणि फोनला तशा पिना नसतात. पातळी दाखवणारं अ‍ॅप मात्र खरं काम करतं, कारण फोनमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. बसायची फळी किंचित उतरती आहे का, म्हणजे पाणी साचणार नाही, ते त्याने बघा.

घासायला ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. तोंडाला मास्क लावा. अंधार पडल्यावर फोनचा टॉर्च फळीवर आडवा धरा, दिवसा न दिसणारे ओरखडे लगेच दिसतात. १२० च्या पुढे जाऊ नका, फार गुळगुळीत लाकूड तेल नीट पीत नाही.

वर काय लावायचं, यात मी स्वतः फसलोय. पूर्वी एकदा चकचकीत वार्निश मारलं होतं, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटले. ऊन-पावसाने लाकूड फुगतं, आकसतं, वरचा कडक थर तडकतो आणि पाणी त्याच्या खाली अडकतं. चपड्याचं स्पिरिट पॉलिश तर बाहेर नकोच, पाणी लागलं की पांढरं पडतं. आता मी डबल बॉईल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे जवसाचं तेल लावतो. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पुढचे दोन हात नुसत्या तेलाचे, मध्ये किमान एक दिवस. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना जास्त पाजा. वीस मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका, नाहीतर चिकट राहतं. तेल ऊन अडवत नाही, त्यामुळे दरवर्षी एक हात लागतोच. रंग जास्त टिकायला हवा असेल तर आयर्न ऑक्साइडचा रंग असलेलं बाहेरचं वुडस्टेन घ्या, गेरूचा लाल रंग त्याच घटकाचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुसलेल्या चिंध्या. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते आणि त्यात उष्णता निघते. चिंध्यांचा बोळा असेल तर उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता, काही तासांनी, तो पेट घेऊ शकतो. आपल्याकडे अंगणाशेजारी कडब्याची गंज नाहीतर उसाचं पाचट असतं. त्यामुळे चिंध्या लगेच पाण्यात बुडवा, किंवा उघड्यावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरका, पालखीच्या वेळी आभाळ भरलेलं असतं आणि तेल वाळत नाही. बाकडं परत ठेवताना पायांखाली फरशीचे तुकडे घाला. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण कडेच्या पांढरट लाकडाला लागते, आणि ती मातीतूनच चढते.