दूरस्थ संगणक आणि चित्रदर्शी टर्मिनल : एका श्रमविभागाचा इतिहास

दूरस्थ संगणकाशी जोडलेल्या चित्रदर्शी टर्मिनलाचा इतिहास बहुधा वाढत्या यंत्रशक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्यातील मूळ प्रश्न श्रमविभागाचा होय. पडद्यावरील चित्राचा भार टेबलावरील यंत्राने किती वाहावा आणि दूरच्या यजमान संगणकाने किती, याची उत्तरे काळानुसार बदलत गेली.

इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो-४’ या शिक्षणप्रणालीचे टर्मिनल १९७२ मध्ये वापरात आले. त्याच्या पडद्यावर ५१२ × ५१२ बिंदू होते, तर यजमानाकडून येणाऱ्या तारेचा वेग सेकंदाला सुमारे १२०० बिट एवढाच होता. प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे पाठविल्यास एका चित्राला सुमारे साडेतीन मिनिटे लागली असती. म्हणून यजमान अक्षरांची सांकेतिक चिन्हे व रेषांच्या टोकांचे स्थानांक तेवढे पाठवी. रेखाटन टर्मिनल करी. स्मृतिसाधन त्या काळी महाग होते. बिट्झर, स्लॉटो व विल्सन यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलेल्या प्लाझ्मा पडद्याने ती अडचण दूर केली. त्यातील उजळलेला बिंदू आपोआप उजळलेलाच राही. परंतु विद्यार्थ्याने दाबलेल्या कळीचा अर्थ यजमानालाच कळे. तार तुटली तर चित्र टिके, संवाद मात्र थांबे.

मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या ‘अथेना’ प्रकल्पात भिन्न बनावटींची यंत्रे एकत्र नांदवावयाची होती. तेथे स्टॅनफर्डच्या ‘डब्ल्यू’ प्रणालीच्या आधारे शायफ्लर व गेटिस यांनी १९८४ मध्ये ‘एक्स’ प्रणाली उभारली. तिच्या परिभाषेत टेबलावरील पडदा सांभाळणारा तो ‘सर्व्हर’ आणि दूरचा प्रोग्राम हा त्याचा ‘क्लायंट’. ही नावे नवशिक्यास उलटी वाटतात. पण पडदा व कळफलक ही सामायिक साधने पुरविणारा तो सर्व्हर, हे ध्यानी घेता ती यथार्थ ठरतात. प्रोग्राम रेखाटनाच्या बहुतेक आज्ञा उत्तराची वाट न पाहता पाठवीत राहतो. त्यामुळे जाळ्यातील विलंब पुष्कळ अंशी झाकला जातो. तथापि झाकलेल्या खिडकीचे चित्र जपण्यास सर्व्हर बांधलेला नाही. ती उघडी पडताच तो केवळ सूचना देतो. चित्र पुन्हा काढविणे हे प्रोग्रामाचे काम.

मायर व सदरलंड यांनी १९६८ मध्येच दाखविले होते की, चित्रयंत्रणेत एकेक सामर्थ्य घालता घालता तिचाच संगणक बनतो आणि चक्र पुन्हा आरंभी येते. एक्स-टर्मिनले १९९० च्या दशकात स्वस्त वैयक्तिक संगणकांपुढे मागे पडली. आजचा ब्राउझर दूरवरून आलेल्या वर्णनावरून पुन्हा जागच्या जागी चित्र रेखाटतो. स्मृतीची किंमत आणि तारेतील विलंब यांनी ही सीमारेषा वेळोवेळी हलविली. चित्राचा अर्थ कोणाकडे राहतो, हा प्रश्न मात्र प्रत्येक फेऱ्यात नव्याने सोडवावा लागला आहे.