ठाण्याचे ख्रिस्ती हुतात्मे (१३२१)

एप्रिल १३२१ मध्ये कोकणातील ठाणे येथे ठार मारण्यात आलेल्या चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना 'ठाण्याचे ख्रिस्ती हुतात्मे' असे संबोधले जाते. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स व सिएनाचा पीटर हे तिघे इटलीतील, तर चौथा, तिफ्लिसचा देमेत्रिअस, हा त्यांचा दुभाषा होता. पोर्तुगीज भारतात येण्याच्या सुमारे पावणेदोनशे वर्षे आधीची ही घटना आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास वसईच्या किल्ल्यापासून सुरू होतो, हा रूढ समज तिच्यामुळे टिकत नाही.

संज्ञा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात हुतात्म्यासाठी 'रक्तसाक्षी' हा अर्थवाही शब्द आहे. या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'साक्षीदार' असाच होतो आणि अरबीतून आलेला 'शहीद' हा शब्दही साक्ष देणे या धातूपासूनच बनलेला आहे. ठाण्याच्या प्रकरणात हा योगायोग अधिकच ठळक होतो, कारण या धर्मबंधूंना काझीपुढे प्रथम बोलावले गेले ते आरोपी म्हणून नव्हे, तर एका घरगुती तंट्यातील साक्षीदार म्हणून.

पार्श्वभूमी

ठाणे हे उत्तर कोकणच्या शिलाहारांचे 'स्थानक'. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते देवगिरीच्या यादवांकडे गेले. मुबारकशाह खलजीने १३१८ च्या सुमारास हरपालदेवाचा अंत करून देवगिरी (आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळील दौलताबाद) दिल्लीच्या राज्यास जोडली. त्यानंतर ठाण्यातही दिल्लीच्या वतीने मलिक, म्हणजे सुभेदार, कारभार पाहू लागला. १३२० मध्ये गियासुद्दीन तुघलक गादीवर आला. म्हणजेच ही घटना घडली तेव्हा ठाण्यातील नवी सत्ता अवघी दोन-तीन वर्षांची होती.

शहरात नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. हा समाज नवा नव्हता. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, आणि हे स्थळ म्हणजे कल्याण असे अनेक अभ्यासक मानतात.

थॉमस हा चौघांत ज्येष्ठ होता. आर्मेनियात त्याने धर्मकार्य केले होते. चीनमधील मोंतेकोर्विनोच्या जॉनची पत्रे १३०७ मध्ये पोपच्या दरबारी पोहोचवणाराही तोच. आता तो स्वतः चीनला निघाला होता. हुर्मुझहून कोल्लमला जाण्यासाठी ही मंडळी जहाजात बसली, परंतु वाऱ्याने जहाज ठाण्यास आणले. त्यांच्यासोबत जॉर्डानस हा डॉमिनिकन धर्मगुरूही होता.

घटनाक्रम

चौघे एका नेस्टोरियन कुटुंबात उतरले. जॉर्डानस सोपाऱ्याकडे गेला असताना त्या घरातील नवराबायकोत भांडण होऊन नवऱ्याने बायकोला मारहाण केली. तिने काझीकडे फिर्याद नेली व साक्षीदार म्हणून घरातील पाहुण्यांचे नाव सांगितले. पीटरला सामानाजवळ ठेवून बाकीचे तिघे गेले. तेथे मारहाणीचा विषय मागे पडून धर्मचर्चा सुरू झाली. इस्लामच्या प्रेषितांविषयी मत विचारले असता थॉमसने आधी टाळाटाळ केली, आणि पुन्हा पुन्हा विचारल्यावर कठोर शब्द वापरले. जमाव संतापला.

तिघांना उन्हात बांधून ठेवण्यात आले. जेम्सला दोनदा आगीत लोटले व दोन्ही वेळा तो सुखरूप बाहेर आला, असे वृत्तांत सांगतात. मलिकाने त्यांना शहर सोडून जाण्यास सांगून खाडीपलीकडे पोहोचवले व तेथे एका मूर्तिपूजकाच्या घरी त्यांची सोय झाली. काझीच्या आग्रहावरून मात्र रात्री सशस्त्र माणसे पाठवण्यात आली. ९ एप्रिल रोजी तिघांचा शिरच्छेद झाला. पीटरला नंतर पकडून ११ एप्रिल रोजी मारले. ईस्टरपूर्वीच्या झावळ्यांच्या रविवारचा तो आदला दिवस होता. जॉर्डानसने परत येऊन मृतदेह सोपाऱ्यास नेले व तेथील चर्चमध्ये पुरले. ज्या सोपाऱ्यात अशोकाचा शिलालेख व बौद्ध स्तूप सापडला, तेच हे शूर्पारक.

पुढील इतिहास

काही काळाने आलेल्या पोर्देनोनेच्या ओडोरिकने अस्थी उकरून जहाजाने चीनमधील झैतून (क्वानझोऊ) येथील फ्रान्सिस्कन मठात नेल्या. वाटेत वारा पडला असता एक अस्थी समुद्रात टाकताच वारा सुटला, असे तो सांगतो. थॉमसचे मस्तक पुढे तोलेंतिनोला पोहोचले. जॉर्डानसला १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप नेमण्यात आले. थॉमसच्या पूजनास पोप लिओ तेरावे यांनी १८९४ मध्ये मान्यता दिली.

सिएना येथील सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये आंब्रोज्यो लोरेंझेत्तीने रंगवलेले हौतात्म्याचे भित्तिचित्र याच प्रसंगाचे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इतरांच्या मते ते अन्य ठिकाणच्या फ्रान्सिस्कन हुतात्म्यांचे आहे.

साधने व त्यांची चिकित्सा

मुख्य साधने दोन: जॉर्डानसची पत्रे आणि ओडोरिकने १३३० मध्ये पादुआ येथे सांगितलेला प्रवासवृत्तांत. पहिला जवळपास प्रत्यक्षदर्शी, दुसरा ऐकीव माहितीवर विसंबलेला. दोघेही ख्रिस्ती धर्मगुरू असल्याने काझीची वा मलिकाची बाजू त्यांच्याच तोंडून कळते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. आगीचा प्रसंग प्राचीन हुतात्मा-चरित्रांच्या वळणाचा आहे. दुसऱ्या शतकात स्मर्ना येथे मारल्या गेलेल्या पॉलिकार्पलाही ज्वाळा स्पर्श करीत नाहीत. अशा तपशिलाकडे श्रद्धेचा अलंकार म्हणून पाहणे योग्य. याउलट नवराबायकोचे भांडण, सामानाजवळ थांबलेला पीटर, पंधरा घरे हे तपशील कोणत्याही साच्यात बसत नाहीत, म्हणून ते अधिक विश्वसनीय वाटतात.

ओडोरिकच्या वृत्तांतातील एक भाग मात्र अनपेक्षित आहे. स्वप्नात ते धर्मबंधू तलवारी घेऊन दिसल्याने मलिक घाबरला व त्याने त्यांच्या स्मरणार्थ चार मशिदी बांधल्या, असे तो लिहितो. पुढे दिल्लीच्या सुलतानाने मलिकास बोलावून या हत्येबद्दल देहदंड दिला, असेही तो नोंदवतो. यांतील किती खरे हे ठरवणे अवघड असले, तरी साऱ्या मुसलमानांना एका रंगात न रंगवणारे हे कथन आहे. त्यात काझी, मलिक, जमाव व सुलतान वेगवेगळे वागतात.

या चौघांनी मृत्यू ओढवून घेतला काय, हा प्रश्नही विचारला जातो. आरंभीच्या चर्चला स्वतःहून मरण मागणे मान्य नव्हते. पॉलिकार्पच्याच वृत्तांतात, आपण होऊन पुढे सरसावलेला क्विंटस ऐनवेळी कच खातो व त्याचे अनुकरण करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. ठाण्याचे धर्मबंधू वाऱ्याने आणलेले व साक्षीसाठी बोलावलेले होते, आणि थॉमसने पहिला प्रश्न टाळलाही होता. त्याचे अखेरचे शब्द मात्र परिणामांची जाणीव ठेवून उच्चारलेले दिसतात. ज्या नेस्टोरियन कुटुंबांत ते उतरले होते, त्यांचे पुढे काय झाले याविषयी दोन्ही वृत्तांत मौन बाळगतात. शहर सोडून जाण्याची मोकळीक या पाहुण्यांना दिली गेली होती. त्या पंधरा घरांना मात्र तेथेच राहायचे होते.