जुन्या स्मशानाचा हट्ट : मराठी असंगत नाटकाविषयीं कांहीं विचार

युरोपांतील एखादा वाङ्मयप्रकार मराठींत आला कीं त्याच्यावर दोन आरोप ठरलेले असतात. एक, तो परका आहे. दुसरा, तो आमच्या जुन्या वाङ्मयांत पूर्वींच होता. हे दोन्ही आरोप एकाच वेळीं खरे असूं शकत नाहींत. परंतु पुष्कळदां ते एकाच तोंडून निघतात. ज्याला कोणी ‘असंगत नाट्य’ व कोणी ‘न-नाट्य’ म्हणतात, त्या ॲब्सर्ड नाटकाच्या वांट्याला यांपैकीं पहिला आरोप विशेष आला. त्या आरोपाची शहानिशा करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. अल्बेर काम्यूनें १९४२ सालीं सिसिफसाच्या पुराणकथेवर जो प्रबंध लिहिला, त्यांत मानवी जीविताच्या निरर्थकतेचा प्रश्न उघडपणें मांडला गेला. १९५० सालीं पॅरिसमध्यें आयनेस्कोचें पहिलें नाटक झालें. ५ जानेवारी १९५३ रोजीं त्याच शहरांत बेकेटचें ‘वेटिंग फॉर गोदो’ रंगभूमीवर आलें. आणि १९६१ सालीं मार्टिन एसलिन या टीकाकारानें या सर्व मंडळींस एका ग्रंथांत गोळा करून त्यांच्या नाटकांचें बारसें केलें. ज्यांचें बारसें झालें त्यांना विचारलें कोणींच नव्हतें. असो.

मराठींत हें वारें येण्यास फारसा विलंब लागला नाहीं. १९६० सालीं मुंबईंत ‘रंगायन’ ही संस्था निघाली. आयनेस्कोचें ‘खुर्च्या’ तिनें मराठींत करून दाखविलें. १९६६ सालीं चिं. त्र्यं. खानोलकर यांचें ‘एक शून्य बाजीराव’ विजया मेहता यांनीं तिच्याच वतीनें रंगभूमीवर आणलें. पुढें १९७१ सालीं स्थापन झालेल्या ‘आविष्कार’नें १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचें सभागृह प्रायोगिक नाटकांचें माहेरघर करून सोडलें. आमच्या पालघर-बोईसरकडील नाट्यवेड्या माणसास हीं नाटकें पहावयाचीं तर रेल्वेनें दादर गांठावें लागे, आणि परतीची गाडी चुकूं नये म्हणून एक डोळा घड्याळावर ठेवावा लागे. न येणाऱ्या कोणाची तरी वाट पाहण्याविषयींचीं नाटकें अशा मनःस्थितींत अधिक चांगलीं समजत असावींत.

परकेपणाचा आक्षेप घेणाऱ्यांचें म्हणणें अगदींच फोल नव्हतें. दोन महायुद्धें, बेचिराख झालेलीं शहरें, माणसें मारण्यासाठीं पद्धतशीर उभारलेल्या छावण्या, हें सर्व ज्यानें पाहिलें त्या युरोपीय माणसास जगण्यांत अर्थ दिसेनासा झाला तर नवल नाहीं. पण पुण्याच्या सदाशिव पेठेंत असें काय घडलें होतें? जेथें सकाळीं देवपूजा होते, श्रावणांत सत्यनारायण होतो आणि भाद्रपदांत गणपति येतो, तेथें देव मेल्याचें वर्तमान कोणाला कळवावयाचें? यावर कोणी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराकडे बोट दाखवितात. त्या दिवशीं धरण फुटून नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या, पुढें वाडे उतरले, इमारती चढल्या, जुनें पुणें मोडत गेलें, हें खरें आहे. तथापि केवळ आपत्तीनें असंगत नाटक जन्मास येत नाहीं. आपत्तीनें करुण नाटक जन्मास येतें. आम्हांला खरें उत्तर त्याहून पुष्कळ लहान, जवळजवळ क्षुल्लक अशा गोष्टींत सांपडतें. पुण्यांतील ओंकारेश्वराजवळची जुनी स्मशानभूमि बंद झाली आणि दहनाची सोय वैकुंठांत करण्यांत आली. ती गोष्ट ही.

सतीश आळेकर यांचें ‘महानिर्वाण’ १९७४ सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें. लेखक तेव्हां अवघा पंचवीस वर्षांचा होता व जीवरसायनशास्त्र हा त्याचा अभ्यासाचा विषय होता. थिएटर ॲकॅडमीनें पुढें दीर्घ काळ त्याचे प्रयोग केले, व भाऊरावांची भूमिका चंद्रकांत काळे यांनीं गाजविली. कथानक एका वाक्यांत सांगतां येतें: चाळींत राहणारे भाऊराव मरतात, आणि आपणांस नव्या स्मशानांत नव्हे तर जुन्याच स्मशानांत जाळावें असा हट्ट धरतात. जुनें स्मशान तर बंद झालेलें. मुलगा नाना, पत्नी रमा आणि चाळकरी यांच्यापुढें हा पेंच पडतो, आणि तो सुटेपर्यंत प्रेत घरांत राहतें.

हें सर्व सांगितलें जातें कीर्तनाच्या रीतीनें, आणि नाटकाचें मर्म तेथेंच आहे. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगांत हरिदास एखादें पद घेऊन त्यावर निरूपण करतो. उत्तररंगांत तो तत्त्व पटविण्यासाठीं एखादें आख्यान लावतो. हरिदास सांगणारा, हरिश्चंद्र किंवा ध्रुव भोगणारा. सांगणारा व भोगणारा यांच्यांत जें अंतर असतें त्यांतूनच अर्थ निघतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे थोडें दुरून पाहिलें म्हणजे त्याला तात्पर्य येतें. आळेकरांनीं हें अंतर पुसून टाकलें. भाऊराव स्वतःच्याच मरणाचें आख्यान लावतात. चाल तीच, लय तीच, मध्येंच गद्य व मध्येंच पद्य हें तंत्र तेंच. फक्त जें निरूपण करावयाचें तें उरलेलें नाहीं, कारण निरूपण करणाराच विषय होऊन बसला आहे. श्रोत्याला कीर्तनाची संवय इतकी मुरलेली असते कीं तो प्रत्येक ओळीनंतर तात्पर्याची वाट पाहतो, आणि तें येत नाहीं. बेकेटच्या दोन भटक्यांना गोदो भेटत नाहीं; मराठी प्रेक्षकाला तात्पर्य भेटत नाहीं. परंतु फरक असा, कीं येथें वाट पाहणारा रंगमंचावर नसून खुर्चींत बसलेला असतो.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. युरोपीय असंगत नाटकांतला माणूस एकटा असतो. आमच्या भाऊरावांना मेल्यावरहि एकांत मिळत नाहीं. चाळकरी येतात, रीतीप्रमाणें जें बोलावयाचें तें बोलतात, रीतीप्रमाणें जें करावयाचें तें करूं लागतात. विधीची एकहि कडी गळलेली नाहीं. आणि या गर्दींत, खांदेकऱ्यांपैकीं ‘उजवीकडून तिसरा’ रमेच्या मनांत भरतो! ही गोष्ट ऐकून ज्यांना राग आला त्यांनीं नाटकाला अश्लील म्हटलें असेल. आम्हांला ती नाटकांतील सर्वांत प्रामाणिक जागा वाटते. सारे जण ठरलेलें बोलत असतां एका बाईच्या मनांत न ठरलेलें असें कांहीं उगवतें, आणि तिला त्या माणसाचें नांव घेण्याची सोय नसून केवळ रांगेंतला क्रमांक सांगण्याची सोय आहे, यांत हंसूं व करुणा यांची जी गांठ पडते ती कोणत्याहि फ्रेंच नाटकांतून उसनी आणलेली नव्हे.

आतां हट्टाकडे वळूं. भाऊराव ‘मी कां जगलों’ असें विचारीत नाहींत. जन्मभर त्यांनीं तें विचारलें नसावें, आणि मेल्यावर विचारण्याचें त्यांना कारणहि दिसत नाहीं. त्यांची मागणी स्थळाची आहे. कोणी म्हणेल, ही मागणी त्या मोठ्या प्रश्नापुढें बालिश आहे. आम्हांला तसें वाटत नाहीं. आपल्याकडे कोणत्याहि धर्मकृत्याच्या आरंभीं संकल्प सोडतांना देशकालाचा उच्चार करतात. प्रथम द्वीप, मग वर्ष, मग गोदावरीचें कोणतें तीर तें. पुढें शक, संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार, नक्षत्र. आणि शेवटीं करणाऱ्याचें गोत्र व नांव. साऱ्या ब्रह्मांडांतून उतरत उतरत बोट एका जागीं, एका क्षणीं, एका माणसावर टेंकतें, आणि मगच उदक सुटतें. कृत्याला अर्थ आहे कीं नाहीं ही चर्चा येथें होत नाहीं. कृत्याला पत्ता असतो, आणि पत्ता असला म्हणजे अर्थाविषयीं विचारण्याची गरज भासत नाहीं. याच्या उलट बेकेटनें आपल्या नाटकास दिलेला पत्ता पहा: एक रस्ता, एक झाड, सायंकाळ. कोणता देश, कोणतें वर्ष, कांहीं नाहीं. तेथें पत्ताच नसल्यामुळें अर्थाचा प्रश्न पहिल्या वाक्यापासून उघडा पडतो. ‘महानिर्वाणां’त पत्ता होता, नगरपालनाच्या एका व्यवहार्य, आरोग्यदृष्ट्या कदाचित् योग्यहि अशा निर्णयानें तो बदलला. विधि सगळे शाबूत, ते करणारीं माणसें शाबूत, खांदेकरी तयार. फक्त जेथें न्यावयाचें ती जागा नाहीं. मराठी असंगततेचें स्वरूप हें असें आहे. युरोपांत अर्थ नाहींसा झाला म्हणून माणसाच्या हालचाली पोकळ झाल्या. आमच्याकडे हालचाली भरीव राहिल्या आणि त्यांच्याखालची जमीन सरकली.

आळेकरांच्याच ‘बेगम बर्वे’ या १९७९ सालच्या नाटकांत हाच विचार दुसऱ्या अंगानें आला आहे. संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला एक नट, तो काळ सरल्यावर उदबत्त्या विकून पोट भरतो आणि मनांतल्या मनांत अजून नेसून-सजून वावरतो. पदें तींच आहेत, गळाहि कांहीं प्रमाणांत तोच आहे. बालगंधर्व १९६७ सालीं निवर्तले व त्यांच्या आधींच तें जग निवर्तलें होतें. दोन कारकून त्याच्या स्वप्नांत शिरतात व स्वतःचा संसार तेथें मांडूं पाहतात. हें नाटक ‘महानिर्वाणा’हून अधिक सुंदर आहे, असें आमचें मत आहे, पण तेथें जागा हरवलेली नसून काळ हरवलेला आहे, म्हणून त्याचा विस्तार येथें करीत नाहीं.

परकेपणाच्या आरोपाला या नाटकांतूनच उत्तर मिळतें, तरी एक शंका राहते: असें नाटक सामान्य माणसाला समजेल काय? एसलिननें आपल्या ग्रंथाचा आरंभ ज्या प्रसंगानें केला आहे तो येथें आठवण्याजोगा आहे. १९ नोव्हेंबर १९५७ रोजीं कॅलिफोर्नियांतील सान क्वेंटिन तुरुंगांत सुमारें १४०० कैद्यांपुढें ‘गोदो’चा प्रयोग झाला. १९१३ सालीं सारा बर्नहार्ट येऊन गेल्यानंतर त्या तुरुंगांत नाटक असें झालेंच नव्हतें. आणि ‘गोदो’ निवडलें तें मुख्यतः त्यांत स्त्रीपात्र नाहीं म्हणून. मोठ्या शहरांतल्या शहाण्या प्रेक्षकांना जें दुर्बोध वाटलें होतें तें कैद्यांना समजलें. वाट पाहणें म्हणजे काय हें त्यांना कोणीं समजावून सांगण्याची गरज नव्हती.

याच प्रकारचा अनुभव, पुष्कळ लहान प्रमाणावर, आम्हांला आमच्या पामच्या परिसरांत आला. तारापूरच्या अणुवीज केंद्राचीं पहिलीं दोन संयंत्रें १९६९ सालीं सुरू झालीं. पुढें आणखी दोन उभारलीं. त्यांपैकीं चौथें २००५ व तिसरें २००६ सालीं नियमित वीज देऊं लागलें. या दुसऱ्या जोडीच्या वेळीं अक्करपट्टी व पोफरण हीं किनाऱ्यावरचीं दोन गांवें उठवून दुसरीकडे वसविण्यांत आलीं. नांवें गांवकऱ्यांबरोबर गेलीं; नव्या वसाहतींस तींच नांवें राहिलीं. म्हणजे संकल्पांतील नांव-गोत्र कायम, आणि देशाचा उच्चार मात्र बदललेला.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही वर्गांत ‘महानिर्वाण’ वाचीत होतों. वर्गांत किनाऱ्याकडचीं, या गांवांच्या आसपासचीं मुलें पुष्कळ होतीं. प्रेतानें जुन्या स्मशानाची मागणी करावी येथें पुण्यांतले प्रेक्षक खो खो हंसतात, हें आम्हांला ठाऊक होतें, म्हणून आम्ही वाचतांना किंचित् थांबलों. कोणी हंसलें नाहीं. मागच्या बांकावरच्या एका मुलीनें विचारलें, “सर, मग नाना त्यांना जुन्या जागेवर घेऊन कां नाहीं गेला?” शेजारचा मुलगा म्हणाला, “अगं, ती बंद केलीय ना.” त्यावर ती म्हणाली, “बंद म्हणजे काय? जागा तर तिथंच आहे.”

या तुलनेला मर्यादा आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. आळेकर भाऊरावांवर मनसोक्त हंसतात. त्या हट्टांत पेठेंतल्या माणसाचा अहंकार आहे, आणि ज्यांना राहतें घर, शेत व समुद्र सोडावा लागला त्यांच्या प्रश्नांत अहंकाराचा संबंध नाहीं. त्यांचें गाऱ्हाणें भरपाईचें, पाण्याचें, होडी कोठें लावावी याचें आहे, आणि तें न्यायालयापर्यंत गेलें. नाटक तें गाऱ्हाणें सोडवीत नाहीं. पण त्या मुलीचा प्रश्न नाटकाबाहेरचा होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. चाळकरी व नाना दोन अंक ज्याच्याभोंवतीं धांवतात तोच तो प्रश्न होता.

पुढच्या तासाला भाऊरावांचा भाग वाचावयास आम्हीं एका मुलाला उभें केलें. तो गांवच्या भजनी मंडळांत टाळ धरणारा होता. त्यानें दोन ओळी वाचल्या, थांबला, आणि तिसरीपासून एकादशीला म्हणतात त्या चालीवर म्हणूं लागला. आम्ही अडविलें नाहीं. वर्गांत हंशा पिकला तो पुढें, रमेला ‘उजवीकडून तिसरा’ दिसला तेव्हां. आणि सर्वांत मोठ्यानें ती मागच्या बांकावरची मुलगीच हंसली.