मंडळी बहरली, हे कशावरून?

रविवारच्या उपासनेला किती माणसे आली, अर्पण किती जमले, बाप्तिस्मे किती झाले, हे मंडळीच्या दप्तरात नीट लिहिलेले सापडते. ती मंडळी एकमेकांच्या दुःखात धावून जाते का, शेजारच्या वस्तीला तिचा आधार वाटतो का, पाळक बदलले तरी तिचे काम टिकते का, याची नोंद सहसा कुठेच नसते. मंडळ्यांना उभारी देणाऱ्या उपक्रमांचे मूल्यमापन करणारा अभ्यास या प्रश्नांना हात घालतो. त्यात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत.

या अभ्यासाचे एक मूळ भारतात आहे. मिशनरी जे. वास्कम पिकेट यांनी इथल्या सामूहिक धर्मांतरांचा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध केला. त्या अभ्यासाने प्रभावित झालेले, दमोहमध्ये जन्मलेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी मंडळ्या का वाढतात आणि का खुंटतात, हा प्रश्न पुढे अमेरिकेत नेला. मात्र तिथे वाढ म्हणजे सभासदसंख्या, असे समीकरण रूढ होत गेले. शिकागोजवळच्या विलो क्रीक या विशाल चर्चने आपल्याच सभासदांची पाहणी केली, आणि २००७ साली तिचे निष्कर्ष मांडताना स्पष्ट कबूल केले की कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरचे आणि माणसांवरचे प्रेम वाढतेच असे नाही.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. अमेरिकेतील उपासक समुदायांच्या एका मोठ्या पाहणीत साप्ताहिक उपस्थितीचा मध्यांक २००० साली १३७ होता, तो २०२० मध्ये ६५ वर आला. अशा काळात लिली एंडाउमेंट या देणगीदार संस्थेने २०१९ साली मंडळ्यांना बळ देणारा मोठा अनुदान-उपक्रम सुरू केला. एवढा पैसा आणि एवढी आशा गुंतली असताना 'याने काय बदलले?' हे विचारणे कर्तव्यच ठरते.

उत्तर मात्र सोपे नाही. अशा उपक्रमांत स्वतःहून नाव नोंदवणाऱ्या मंडळ्या बहुधा आधीच उत्साही असतात. त्यांची प्रगती उपक्रमामुळे झाली की मुळातल्या उमेदीमुळे, हे वेगळे काढावे लागते. म्हणून आरंभीची स्थिती नोंदवणे आणि सहभागी न झालेल्या मंडळ्यांशी तुलना करणे गरजेचे असते. अनुदान काही वर्षांत संपते, पण मंडळीची सवय बदलायला त्याहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून उपक्रम संपल्यावरही पुन्हा जाऊन पाहावे लागते. प्रश्नावलीत आकडे मिळतात, पण ते कशामुळे बदलले हे पंचांशी, तरुणांशी आणि मंडळी सोडून गेलेल्यांशी बोलल्याशिवाय उमगत नाही.

बहरणे म्हणजे काय, हे अभ्यासकाने एकट्याने ठरवू नये. वीस वृद्धांची गावातली मंडळी आणि शहरातली स्थलांतरितांची मंडळी यांचे उत्तर वेगळे असेल, आणि ते त्यांच्याच तोंडून यायला हवे. निष्कर्षही देणगीदाराच्या टेबलावर जाण्याआधी मंडळीसमोर वाचले जावेत. ज्या पाहणीतून मंडळीला स्वतःचा पुढचा निर्णय अधिक डोळसपणे घेता येतो, तीच पाहणी आम्ही यशस्वी मानतो, आणि त्याच कसोटीवर वाचकाने हे क्षेत्रही तपासावे.