फितींचा भांडारी

निगडीहून जवळच असलेल्या देहूस तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्याची कथा महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. तेराव्या दिवशीं त्या कोरड्या वर आल्या, असें परंपरा सांगते. चाकणचे संताजी जगनाडे हे तुकोबांचे लेखक मानले जातात. त्यांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनीं पुढें गाथा छापली. एक प्रत गेली तरी दुसरी हातीं असावी, ही चिंता या मुलखास नवी नव्हे.

१९७२ सालीं स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणानें निगडीस वसाहत आखली. पुढें भोवतालच्या कारखान्यांचे हिशेब व यंत्रांचीं रेखाटनें कागदावरून संगणकांत गेलीं, आणि दुसऱ्या प्रतीचा प्रश्न पुन्हां उभा राहिला. त्यावर जगभर दीर्घकाळ वापरलेलें साधन म्हणजे चुंबकीय फीत.

१९५१ च्या ‘युनिव्हॅक’ संगणकाची फीत धातूची होती. १९५२ सालीं आय. बी. एम. कंपनीनें प्लॅस्टिकची फीत जाहीर केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं बसविलेला सी. डी. सी. ३६०० हा संगणकहि फितींचा उपयोग करी. त्या काळीं फिरक्या चढविण्या-उतरविण्याचें काम माणसें करीत. १९८७ सालीं स्टोरेजटेक कंपनीनें बारा बाजूंचें एक कोठार बाजारांत आणलें. त्यांत सुमारें ६,००० फीत-पेट्या मावत, व मध्यभागींचा यांत्रिक हात पेटीवरील रेघांची खूण वाचून ती वाचनयंत्रांत बसवी.

हा नवा भांडारी आपल्या यादीचा दास आहे. कोणी दार उघडून पेट्यांची अदलाबदल केली, कीं यादी एक सांगते व खणांत दुसरेंच असतें. अशा वेळीं सर्व खणांची मोजदाद त्याच्याकडून पुन्हां करवून घ्यावी लागते. कधीं वाचनयंत्रांचे क्रमांक उलटसुलट लागलेले असतात. हात पहिल्या यंत्रांत फीत घालतो आणि संगणक दुसऱ्यापाशीं वाट पाहत बसतो. तेव्हां एकेक फीत घालून कोणतें यंत्र हालतें तें पाहावें व क्रमांक जुळवावे. वाचतांना वारंवार चुका होऊं लागल्या, तर साफसफाईची फीत फिरवून पाहावी.

हे श्रम व्यर्थ नाहींत. २०११ च्या फेब्रुवारींत एका सदोष आज्ञावलीमुळें ‘जीमेल’च्या कांहीं थोड्या ग्राहकांचीं पत्रें, निरनिराळ्या ठिकाणच्या प्रतींसह, नाहींशीं झालीं. फिती संगणकापासून अलग असल्यामुळें तो दोष त्यांच्यापर्यंत पोंचला नव्हता; पत्रें अखेर त्यांवरूनच परत मिळालीं.

मात्र फीत खणांत आहे म्हणजे प्रत सुरक्षित आहे, असें मानणें धोक्याचें होय. पेटी सांपडेल, परंतु मजकूर वाचतां येईलच असें नाहीं. म्हणून अधूनमधून एखाद्या महिन्याचा हिशेब फितीवरून परत आणून मुळाशीं ताडून पाहावा. मूळ हातीं आहे तोंवरच ही परीक्षा घेतां येते.