कळफलकावर न मावणारी भाषा

विचार मांडण्यासाठी मनुष्याने चिन्हे घडविली आणि ती उमटविण्यासाठी साधने घडविली. या दोहोंचे जमले नाही, तर कोणी कोणापुढे नमावे? संगणकाच्या अल्प इतिहासात हा प्रश्न ‘एपीएल’ या भाषेच्या निमित्ताने उभा राहिला. तिची कथा वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात १९२० साली जन्मलेले केनेथ आयव्हरसन हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करीत होते. प्रचलित गणिती लेखनात एका क्रियेचे चिन्ह दोन संख्यांच्या मध्ये येते, दुसरीचे संख्येच्या मागे, तर घातांक वर लहान अक्षरात बसतो. ही विसंगती टाळणारे एकसूत्री लेखन त्यांनी सिद्ध केले. १९६० साली ते आयबीएम कंपनीत गेले आणि १९६२ साली ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या आद्याक्षरांवरूनच भाषेचे नामकरण झाले. एक ते शंभर या संख्यांची बेरीज या भाषेत अवघ्या तीन चिन्हांत व एका संख्येत मांडता येते. परंतु त्या वेळी ही भाषा फळ्यावरची आणि ग्रंथातली होती. यंत्रावर तिला स्थान नव्हते.

ते स्थान टंकयंत्राने मिळवून दिले. आयबीएमने १९६१ साली ‘सिलेक्ट्रिक’ हे टंकयंत्र बाजारात आणले. त्यात अक्षरांच्या दांड्यांऐवजी गोल्फच्या चेंडूएवढा एक गोळा होता. त्यावर ८८ अक्षरे कोरलेली असत आणि तो बदलता येई. आयव्हरसन, अॅडिन फॉल्कॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषेसाठी स्वतंत्र गोळाच करवून घेतला. १९६६ साली ती संगणकावर प्रत्यक्ष वापरात आली.

कळांची मांडणी विचारपूर्वक केलेली होती. रोमन अक्षरे फक्त मोठी व तिरपी ठेवली आणि वरची कळ दाबली की चिन्हे मिळत. ‘आर’च्या कळेवर ग्रीक ‘रो’, ‘आय’वर ‘आयोटा’, ‘ओ’वर वर्तुळ, तर ‘क्यू’वर प्रश्नचिन्ह. अक्षर आठवले की चिन्ह सापडे.

तरीही ८८ जागा अपुऱ्या पडल्या. तेव्हा एक चिन्ह उमटवावे, कळ दाबून एक घर मागे यावे आणि त्याच जागी दुसरे उमटवावे, अशी युक्ती योजली गेली. अवतरणचिन्हाखाली टिंब दिले की उद्गारचिन्ह होई. वर्तुळावर उभी रेघ मारली की क्रम उलटविण्याची खूण सिद्ध होई. दोहोंपैकी आधी कोणते उमटविले याला महत्त्व नव्हते. कागदावर जे दिसे तेच संगणक ग्राह्य मानी. पालथ्या वाटीसारख्या चिन्हात लहान वर्तुळ घातले की टिपणाची खूण होई. तिला ‘दिवा’ म्हणत, कारण टिपण वाचणाऱ्याला उजेड देते.

येथे यंत्र भाषेपुढे नमले, असे म्हणता येईल. परंतु भाषाही थोडी नमली. गोळा एका ओळीतच लिहीत असल्याने ग्रंथातील वर-खाली बसणारी अक्षरे गेली, आणि घातालाही दोन संख्यांच्या मध्ये बसणारे चिन्ह मिळाले. या बंधनामुळे लेखन अधिकच एकसूत्री झाले, हे विशेष!

पुढे कागदाची जागा पडद्याने घेतली. तेथे एका चिन्हावर दुसरे उमटविले की पहिले पुसले जाई. सर्वत्र रूढ झालेल्या ‘अॅस्की’ संकेतात केवळ १२८ स्थाने होती. त्यांत ‘रो’ला जागा कोठून मिळणार? विशेष पडदे आणि विशेष कळफलक महाग पडत. ज्यांनी १९७९ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना ‘विचाराचे साधन म्हणून चिन्हलेखन’ हाच व्याख्यानाचा विषय निवडला होता, त्याच आयव्हरसन यांनी १९९० साली रॉजर हुई यांच्यासह ‘जे’ ही नवी भाषा रचली आणि तीत नेहमीच्या कळफलकावरील खुणांना टिंब वा अपूर्णविराम जोडून काम भागविले. चिन्हांचे रूप सोडले, व्यवस्था राखली.

नंतर १९९० च्या दशकात ‘युनिकोड’ या जागतिक संकेताने एपीएलच्या चिन्हांना कायमची स्थाने दिली. आपल्या देवनागरीलाही त्याच संकेतात स्थान आहे. आज एक पूर्वसूचक कळ दाबून ‘आर’ दाबला की पडद्यावर ‘रो’ उमटतो. गोळा गेला, पण त्याने घालून दिलेली कळांची मांडणी टिकली.

आयव्हरसन २००४ साली निवर्तले. साधनापुढे रूप सोडावे लागले तरी विचाराची शिस्त सोडू नये, हा त्यांच्या कार्याचा बोध आम्हांस मोलाचा वाटतो. रूपाला पुढे जागा मिळू शकते. हरवलेली शिस्त मात्र कोणताही कळफलक परत देत नाही.