गोल इमारत, तीन सभागृहे आणि जालना

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस. इमारतीवर काय बोलणार?" मी म्हटलं, बाबा रे, इमारतीवर इंजिनीअर बोलतील. मी त्या इमारतीत कोण नव्हतं, यावर बोलणार आहे.

इमारत म्हणजे दिल्लीचं जुनं संसद भवन. एक योगायोग सांगतो आणि सुरुवात करतो. १७ सप्टेंबर २०२३ या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्रामाला ७५ वर्षं पूर्ण झाली. आपण जालन्यात झेंडावंदन केलं, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, दिल्लीच्या त्या गोल इमारतीत संसदेचं शेवटचं कामकाज झालं. १९ तारखेला खासदार शेजारच्या नव्या इमारतीत गेले आणि जुनीला 'संविधान सदन' असं नाव मिळालं. या दोन घटना लागोपाठ आल्या हा निव्वळ योगायोग. पण त्यांचं एकमेकींशी असलेलं नातं खरं आहे, आणि ते आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

आधी इमारतीची जन्मकथा. १९१९ च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं हिंदुस्थानासाठी दोन सभागृहांचं कायदेमंडळ निर्माण केलं. खालचं केंद्रीय विधिमंडळ, १४५ सदस्यांचं. वरचं राज्य परिषद, ६० सदस्यांचं. शिवाय संस्थानिकांसाठी 'नरेंद्र मंडळ', म्हणजे राजेमहाराजांची सल्लागार सभा. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा १९११ मध्येच झाली होती, पण नव्या दिल्लीच्या मूळ आराखड्यात संसदेसाठी स्वतंत्र इमारत नव्हती. कारण तेव्हा संसदच नव्हती! ती नंतर जोडावी लागली. १२ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांनी कोनशिला बसवली, आणि १८ जानेवारी १९२७ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी उद्घाटन केलं. सहा वर्षं काम आणि ८३ लाख रुपये खर्च.

वास्तुरचनाकार दोघे, एडविन ल्युटेन्स आणि हर्बर्ट बेकर. बेकरच्या मनात त्रिकोणी इमारत होती, ल्युटेन्सचा आग्रह वर्तुळाचा, वर्तुळ जिंकलं. व्यास ५६० फूट, घेर एक तृतीयांश मैल, वरच्या व्हरांड्याला १४४ खांब. मुरैना जिल्ह्यातल्या मितावलीच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून हा आकार घेतला, असं आपण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमी वाचतो. मंदिर गोल आहे, खांबांचं आहे, साम्यही आहे. पण त्याचा कागदोपत्री पुरावा कुणी पुढे आणलेला नाही. साम्य म्हणजे पुरावा नव्हे, एवढं तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला मी शिकवत असे. असो.

आपल्या कामाची गोष्ट या वर्तुळाच्या आत आहे. मध्यभागी घुमटाखाली एक गोल दालन, आणि त्याच्याभोवती तीन सभागृहं. एक विधिमंडळाचं, म्हणजे पुढची लोकसभा. दुसरं राज्य परिषदेचं, म्हणजे पुढची राज्यसभा. आणि तिसरं नरेंद्र मंडळाचं. इंग्रजांनी हिंदुस्थान कसा पाहिला, याचा हा दगडातला नकाशाच म्हणा. प्रजेचे प्रतिनिधी एका खोलीत, वरिष्ठ वर्ग दुसऱ्या खोलीत, राजे तिसऱ्या खोलीत. आणि 'प्रजेचे प्रतिनिधी' तरी किती प्रजेचे? १९२० च्या निवडणुकीत खालच्या सभागृहासाठी मतदार होते सुमारे नऊ लाख, आणि वरच्यासाठी सतरा हजारांच्या आसपास. बाकी कोट्यवधी माणसं बाहेर.

आता मी विचारतो, १९२७ साली या तीन खोल्यांपैकी जालन्याची खोली कोणती?

पहिल्या दोन खोल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे तिथं आपलं मत नाही. मग तिसरी, राजांची? तिथं निदान आपला राजा तरी बसला असेल? तर तेही नाही. निजाम नरेंद्र मंडळापासून दूर राहिले. बाकीच्या राजांच्या पंगतीत एक म्हणून बसणं त्यांना मंजूर नव्हतं. म्हणजे आपण तिन्ही खोल्यांच्या बाहेर.

याची बोच कळायला दिल्लीला जायची गरज नाही. इथून देऊळगाव राजाला जा. तीसेक किलोमीटर. भाषा तीच, ज्वारी तीच, सोयरिकी एकमेकांत. पण देऊळगाव राजा वऱ्हाडात, आणि वऱ्हाड कागदावर निजामाचं असलं तरी कारभार इंग्रजांचा. त्यामुळे वऱ्हाडातून केंद्रीय विधिमंडळावर माणूस जायचा. लोकनायक बापूजी अणे तिथं वऱ्हाडच्या वतीनं बसलेले आहेत. गंमत बघा, वऱ्हाड तांत्रिकदृष्ट्या ब्रिटिश हिंदुस्थान नव्हतं, म्हणून निवडून आलेल्या सदस्याची सरकार नंतर 'नियुक्ती' करत असे. कायद्याची कसरत का होईना, दार किलकिलं होतं. आपल्या बाजूला भिंत होती. इकडे तर हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून १९४६ पर्यंत बंदीच होती.

न्याय-वैशेषिक दर्शनात 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला आहे. जमिनीवर घडा नाही, हे 'नसणं' सुद्धा एक ज्ञान आहे, असं ते म्हणतात. आणि त्या अभावाचे प्रकार आहेत. घडा घडण्याआधी जो अभाव असतो, तो प्रागभाव. त्याला सुरुवात नसते, पण शेवट असतो. घडा फुटल्यावरचा तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. आणि जे कधीच नव्हतं आणि कधीच असणार नाही, तो अत्यंताभाव. त्या इमारतीतला जालन्याचा अभाव यातला कोणता, हा त्या काळातल्या आपल्या लोकांपुढचा जिवंत प्रश्न होता.

आता १९४६ कडे येऊ. मधला काळ मोठा आहे. विठ्ठलभाई पटेल हे पहिले हिंदी अध्यक्ष. ८ एप्रिल १९२९ रोजी त्यांच्याच समोर, प्रेक्षक गॅलरीतून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले, पत्रकं उधळली आणि स्वतःला अटक करून घेतली. तेही, एका अर्थानं, बाहेर ठेवलेल्यांनी आत आवाज पोचवणंच होतं. पण त्यावर स्वतंत्र व्याख्यान हवं.

९ डिसेंबर १९४६. मधलं गोल दालन, जे तोवर ग्रंथालय होतं, ते रिकामं करून तिथं घटना समिती बसली. २०७ सदस्य हजर. मुस्लिम लीग बहिष्कार टाकून बाहेर, संस्थानांचे प्रतिनिधी अजून यायचे. १३ तारखेला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, म्हणजे भारत हे स्वतंत्र, सार्वभौम प्रजासत्ताक होईल असा. आणि १६ तारखेला एक मराठी माणूस उभा राहिला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांनी दुरुस्ती सुचवली की हा ठराव आज मंजूर करू नका. लीग आणि संस्थानं आलेली नाहीत, ती येईपर्यंत थांबा.

सभागृह वैतागलं. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणि हे म्हणतात थांबा! दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अनपेक्षितपणे बोलायला बोलावलं. त्यांचा रोख असा होता की हा ठराव करण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही हा प्रश्नच नाही. तो आज करणं शहाणपणाचं आहे का, हा प्रश्न आहे. ते भाषण सभागृहानं शांतपणे ऐकलं. ठराव त्या महिन्यात मताला टाकला नाही. तो २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला.

हा वाद मी पुष्कळ वर्षं वर्गात शिकवला, आणि प्रामाणिकपणे सांगतो, माझं मत दोनदा बदललं. आधी वाटायचं, जयकर सावधगिरीच्या नावाखाली अडवणूक करताहेत. मग वाटलं, नाही, हाच एक माणूस गैरहजर लोकांची आठवण काढतो आहे, आणि त्यात आपणही होतो. आज मला वाटतं की जयकरांचं तत्त्व बरोबर, पण त्यात एक गाठ आहे. थांबायचं ते कुणासाठी? निजामासाठी, की निजामाच्या प्रजेसाठी? निजामासाठी थांबलं असतं, तर न येऊन सगळं रोखून धरायचा अधिकारच त्यांना मिळाला असता. आणि प्रजेला तर यायची वाटच नव्हती. गैरहजर माणसाच्या नावानं बोलणारा आणि गैरहजर माणूस, हे दोन वेगळे. प्रतिनिधित्वाचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री त्या दालनात स्वातंत्र्य आलं, आणि इथं रझाकारांची धामधूम वाढली. पोलीस अ‍ॅक्शन झाली, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती पत्करली. पण लक्षात घ्या, त्यानंतरही घटना समितीत हैदराबादच्या जनतेनं निवडलेला माणूस पोचला नाही. २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामाचं फर्मान निघालं की भारताची घटना आम्हांला मान्य आहे. तीन दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, घटना स्वीकारली गेली. म्हणजे ज्या घटनेनं आपल्याला प्रजेचं नागरिक केलं, तिच्यावर आपल्या वतीनं होकार दिला तो राजाच्या फर्मानानं. इतिहास असा तिरका असतो.

तो प्रागभाव संपला १९५२ मध्ये. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपला भाग अंबड मतदारसंघात होता, हैदराबाद राज्यातला. तिथून हनुमंतराव वैष्णव लोकसभेत गेले. स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्याहून गेले. खुर्चीवर सभापती होते गणेश वासुदेव मावळंकर. ज्यांच्या आईबापांनी निजामी कचेरीत हात जोडले, त्यांच्या मतानं माणूस दिल्लीला जाऊन बसला. माझे वडील सांगत, मत देऊन आल्यावर आजोबा दिवसभर कुणाशी बोललेच नाहीत. पुन्हा पुन्हा बोटावरची शाई बघत होते.

आणि ती तिसरी खोली, राजांची? तिचं काय झालं? १९३७ पासून तिथं फेडरल कोर्ट बसू लागलं. त्याच्या पहिल्या न्यायाधीशांत हेच जयकर होते. २८ जानेवारी १९५० ला त्याच खोलीत सर्वोच्च न्यायालय सुरू झालं आणि १९५८ पर्यंत तिथंच होतं. पुढे ती संसदेच्या ग्रंथालयाची झाली. राजांची खोली आधी न्यायाची, मग पुस्तकांची! आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीनं याच इमारतीत संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. १९५६ साली इथंच राज्य पुनर्रचनेचा कायदा झाला, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. आपला पत्ता त्या इमारतीनं बदलला. पुढे १९९१ मध्ये लातूरचे शिवराज पाटील लोकसभेच्या सभापतींच्या आसनावर बसले. जिथं आपल्याला खोली नव्हती, तिथलं मुख्य आसन.

व्याख्यान संपताना समोरच्या एका मुलीनं चिठ्ठी पाठवली आहे: "सर, आता नवी इमारत झाली. जुनी रिकामी वास्तू ठेवून उपयोग काय?"

बाळ, चांगला प्रश्न आहे. या इमारतीच्या एका दारावर छांदोग्य उपनिषदातलं वचन कोरलं आहे. त्यात दार उघडण्याची मागणी आहे. मी मुलांची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा पास, तपासणी, रांग यातून आत जाताना ते कळलं नाही, नंतर वाचलं. तेव्हापासून मला वाटतं, त्या वास्तूचा खरा इतिहास दारांचाच आहे. नऊ लाख मतदारांपासून सुरू होऊन ती दारं सतरा कोटींना उघडली, ती १९५२ ला. इमारत नुसती उभी राहिली तर घडा फुटल्यासारखीच, प्रध्वंसाभाव. पण तिथं जाऊन 'त्या दिवशी कोण आत नव्हतं' असं विचारणारा माणूस असेल, तर ती रिकामी नाही.

आणि तू विचारलंस म्हणून तुलाच एक सांगतो. १९५२ पासून आजपर्यंत आपल्या जालन्यातून एकही स्त्री लोकसभेत गेलेली नाही. नव्या इमारतीत मांडलं गेलेलं पहिलं विधेयक महिला आरक्षणाचं होतं, १९ सप्टेंबर २०२३ ला. ते मंजूर झालं, पण अमलात यायला जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना व्हावी लागेल. तोवर हा अभाव आहेच. प्रागभाव की अत्यंताभाव, हे ठरवणारा आता निजाम नाही. आपण आहोत.

इथं थांबतो.